दोन वाढीव खुर्च्या

"ज्यांना मत न्हाय, त्यांना नळ कशाला?" कचरू म्हणाला आणि भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तोंडात घातला.

तुळसाच्या हातातली परात तशीच राहिली. हे बोलणारा आपलाच नवरा ना, म्हणून तिनं वळून पाहिलं. तोच होता. बारामतीच्या एमआयडीसीत फिटरचं काम करणारा, पौर्णिमेला विहारात उभा राहून बोलणारा, आणि याच साली इंदापूरच्या तहसील कचेरीत भल्याभल्यांना गप्प करणारा.

त्या दिवशी तुळसाही कचेरीत होती.

लोणी देवकरच्या अलीकडं भादलमाळ म्हणून गाव. गावाबाहेर खडी क्रशर होता आणि तिथं नेपाळहून आलेली कुटुंबं कैक वर्षं पत्र्याच्या खोपटांत राहत होती. एक्क्याण्णवच्या जनगणनेत गुरुजींनी तीही माणसं मोजली. त्यामुळं गावाची लोकसंख्या पंधराशेच्या वर सरकली आणि सत्त्याण्णवच्या निवडणुकीला पंचायतीच्या सात जागांच्या नऊ झाल्या. वाढलेल्या दोनांतली एक अनुसूचित जातीतल्या, म्हणजे बौद्धवस्तीतल्या, बाईसाठी राखीव निघाली, दुसरी खुल्या गटातल्या बाईसाठी.

गावचे बडे बागायतदार विजयसिंह यांनी हरकत घेतली. सुनावणीत ते शांतपणे बोलले. "साहेब, माझा कुणावर राग न्हाय. पण ही माणसं दुसऱ्या देशाची. त्यांना मत न्हाय, म्हंजे गावच्या कारभारात ती न्हाईत. मग त्यांची डोकी धरून आमचे मेंबर कसे वाढवता? उद्या कुणीबी क्रशरवाला बाहेरनं माणसं आणून बसवील अन् गावाचं माप बदलंल."

कचेरीत माना हलल्या. खरं सांगायचं तर तुळसालाही वाटलं, यात अगदीच खोटं काही नाही.

मग कचरू उठला. "साहेब, गावचा रस्ता त्यांनी फोडलेल्या खडीचा हाय. त्यांच्यात साथ आली तर ती आमच्याबी दारात येती. पंचायत गावात राहणाऱ्या माणसांची का निस्त्या मतदारांची? मत न्हाय म्हणून वगळायचं तर माझी पोरं वगळा, विजयसिंहरावांचीबी वगळा." इथं त्याचा आवाज जरा चिरकला. "आमाला लई पिढ्या कुणी माणसांत धरलं न्हवतं. न मोजलं जाणं काय असतं, ते आमास्नी इचारा."

तहसीलदार साहेबांनी हरकत फेटाळली. मतदान नागरिकांनीच करायचं, पण जागा ठरतात त्या राहणाऱ्या माणसांवर, असं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. परतीच्या एसटीत तुळसा नवऱ्याशेजारी ताठ बसली होती. असा अभिमान तिला लग्नानंतर पहिल्यांदाच वाटला असेल.

पुढं तुळसा निवडून आली. दुसऱ्या वाढीव जागेवर विजयसिंहांची चुलती कौसल्याकाकू बिनविरोध आल्या आणि सरपंच झाले खुद्द विजयसिंह.

त्याच उन्हाळ्यात गावाला नळयोजना आली. नळ कुठं कुठं द्यायचे, हे पाहायला तुळसा आपणहून क्रशरवर गेली. तिथली मनमाया खाणीच्या खड्ड्यातून पाणी शेंदत होती. पाण्यावर हिरवी साय. तिची धाकटी पोर खोपटात पडून होती, डोळे हळदीसारखे पिवळे. मनमायाचा नवरा भीमबहादूर, ज्याला सगळं गाव भीमा म्हणायचं, पोरीला इंदापूरच्या दवाखान्यात दाखवून आला होता. डॉक्टर म्हणाले होते, पाणी बदला.

"कुठून बदलू?" मनमायानं विचारलं.

धीर द्यावा म्हणून तुळसा बोलून गेली, "तुमाला गावानं मोजलंय, मनमाया. तुमच्यामुळंच पंचायतीत माझी जागा झाली."

मनमायानं घागर खाली ठेवली. "आम्हाला मोजला? आम्हाला कोणी सांगितला नाही." पदराला हात पुसत तिनं विचारलं, "मग आमचा मेंबर कोण?"

"मीच की," तुळसा म्हणाली. तोंडातून शब्द गेले आणि तिच्या अंगावर काटा आला. तोवर तिनं असा विचारच केला नव्हता.

हे सगळं तिनं घरी येऊन कचरूला सांगितलं, आणि त्यानं ते उत्तर दिलं.

"अवो, इंदापूरला तुमीच बोलला न्हवं?" तिनं परात खाली ठेवली. "रस्ता, साथ, माणसं..."

"ते जागेसाठी बोलाय लागतं, तुळसे. नळ मोजकं हायती. एक तिकडं गेला की आपल्या आळीचा एक गेला. पुढच्या बारीला शिक्का आपली माणसं मारणार. भीमा येणार हाय का मारायला?"

सरळ हिशेब होता. पण तुळसाला घर अनोळखी वाटू लागलं. विजयसिंह परके होते, त्यांच्या बोलण्यानं कधी धक्का बसला नव्हता. हा माणूस त्या दिवशी रडवेला होऊन बोलला होता, आणि ते रडू खरं होतं की तेवढ्यापुरतं, हे आता तिला सांगता येईना.

पंचायतीच्या बैठकीत तिनं क्रशरच्या नळाचा विषय काढला.

"तुळसाबाई," विजयसिंह हसून म्हणाले, "योजना गावासाठी हाय. ती गावची माणसं न्हाईत. तुमच्याच आळीतलं लोकबी असंच म्हणतायत. इचारा घरी."

म्हणजे कचरू यांच्याशीही बोलला होता! तुळसाच्या कानशिलात कुणी मारावी तसं झालं. ती उठून उभी राहिली.

"काय झालं?" गेणबातात्या या म्हाताऱ्या मेंबरनं विचारलं.

"ती गावची न्हाईत, तर ही खुर्चीबी गावची न्हाय," ती म्हणाली. "त्यांना धरून दोन वाढल्या. एक माझी. मी उठले. दुसरी कुणाची ते तुमी सांगा."

ग्रामसेवकाचा पेन थांबला. "बाय, खाली बस," गेणबातात्या पुटपुटले. विजयसिंह पुन्हा हसायला गेले, पण तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

कौसल्याकाकू उभ्या होत्या. निवडून आल्यापासून त्या बैठकीत कधी बोलल्या नव्हत्या. पुतण्या बोट ठेवील तिथं सही करायच्या. डोक्यावरचा पदर सावरत त्यांनी विचारलं, "दुसरी माझी का रं, विजू?"

"काकू, तुमी बसा. तुमचा काय संबंध न्हाय."

"माझी का न्हाय, तेवढं सांग."

विजयसिंह समोरचे कागद चाळू लागले.

"मला वाटत हुतं, तू मला मानानं बसिवलंय." काकू म्हणाल्या. "अन् तू कचेरीत नगं म्हणत हुतास ती जागा हीच. मला कुणी सांगितलं न्हाय." मग त्या म्हणाल्या, "आपल्या गोठ्यापाशी दोन नळ लिवल्यात न्हवं? त्यातला एक तिकडं न्या. जनावरं एकावर पाणी पित्यात."

गोठ्याला दोन नळ! ही गोष्ट बाकीच्या मेंबरांना ठाऊक नव्हती. सगळ्यांची तोंडं एकदम सरपंचांकडं वळली. विजयसिंहांनी घाईघाईनं सभा तहकूब केली, पण तोवर बातमी चावडी ओलांडून गेली होती. पुढच्या बैठकीत गेणबातात्यांनी पहिला हात वर केला आणि क्रशरच्या नळाचा ठराव झाला.

घरी तुळसा कचरूशी कामापुरतंच बोलत होती. शेवटी एका सकाळी पायताण घालताना तोच थांबला.

"इंदापूरला बोललो ते खोटं न्हवतं," तो म्हणाला.

"मग घरात बोलला ते?"

"तेबी मीच बोललो. तेच डोक्यातनं जात न्हाय." तो उंबऱ्याशी तसाच बसून राहिला आणि त्या दिवशी त्याची एसटी चुकली. तुळसानं त्याला चहा दिला. माफ केलं असं मात्र ती म्हणाली नाही; तसं तिला वाटतही नव्हतं.

दिवाळीच्या आधी क्रशरवर नळ आला. नारळ विजयसिंहांनीच फोडला, भाषणही केलं. मनमायाच्या पोरीच्या डोळ्यांतला पिवळेपणा तोवर गेला होता. ती तोटीखाली हात धरून उभी होती. पाणी आलं तसा गलका झाला.

गर्दीतून भीमबहादूर पुढं आला आणि तुळसासमोर उभा राहिला. आता हा हात जोडणार, म्हणून ती संकोचून मागं सरली. पण त्यानं हात जोडले नाहीत. खोपटांमागच्या मोकळ्या रानाकडं बोट करून तो म्हणाला,

"मेंबर, रात्री तिकडं साप फार निघतो. आता लाईटचं काय?"

तुळसानं पदर खोचला आणि ती म्हणाली, "चल, कुठं खांब पायजे ते दाव."