पायवाट आधी, दगड नंतर

कॉलेजातला तो दगडी, छपराचा, वळणावळणांचा रस्ता शेवटी पाडायचं ठरलं. पण ते अजून ठरायचंय असं समजून पुढं वाचावं. आर्किटेक्टही तसंच समजून जगत होती.

तिचं हे पहिलंच काम. उतार सपाट करायचा नाही, झाड तोडायचं नाही, पाणी जिथून वाहतं तिथूनच वाहू द्यायचं आणि रस्ता कागदावर आखायचाच नाही, हा तिचा हट्ट. वर्षभर जागा मोकळी सोडा, पायवाट आपोआप उमटेल, तिच्यावर दगड बसवू, असं तिनं कॉलेजच्या बांधकाम समितीला सांगितलं. वर्षभर काहीच करायचं नसल्यामुळे समितीला ते लगेच पटलं.

पायवाट उमटली, पण जगावेगळी. फाटकातून निघून ती मोठ्या झाडाभोवती घोटाळायची, ओढ्यापर्यंत उतरायची, काहीतरी विसरल्यासारखी मागं फिरायची आणि टेकाडावर जाऊन थांबायची. वर्गांकडे ती फिरकतही नव्हती. आर्किटेक्टचे डोळे भरून आले. इथली माणसं आधी झाडाला भेटतात, मग पाण्याला, असं ती समितीपुढं बोलली. समितीनं माना डोलावल्या.

रस्ता झाला. पहिल्या तासाला निघालेली मुलं टेकाडावरून उतरून वर्गात दुसऱ्या तासाला पोचू लागली. प्राचार्यांनी लेखी खुलासा मागवला. तो पटला नाही तर रस्ता सरळ होणार आणि पुढच्या इमारती दुसऱ्याच्या हाती जाणार.

खुलासा सुचेना म्हणून ती झाडाखाली बसली होती, तेवढ्यात, जागा मोकळी सोडल्यापासून रोज यायचे तसे, बाबा तिचा डबा घेऊन आले. कानाला फोन. खाली न बघता झाडाभोवती फिरले, ओढ्यापर्यंत उतरले, परतले, टेकाडावर जाऊन उभे राहिले. एक वळण चुकलं नाही.

ती धावतच वर गेली. "बाबा, तुम्ही पहिल्यापासून असेच चालताय?"

बाबांनी फोनवर हात ठेवला. "तुझी आत्या बोलायला लागली की पाय एका जागी राहतात का? खुशाली झाडापाशी, सुनेच्या तक्रारी ओढ्यापाशी. निरोप इथं, रेंज चांगली म्हणून."

"आणि बाकीची माणसं?"

"कुठली माणसं? जमिनीला त्रास देऊ नये अशी पाटी तूच लावलीस ना? वॉचमन सगळ्यांना मागच्या फाटकानं धाडायचा. मला तेवढं सोडायचा. मॅडमचे वडील पडलो."

हसावं की रडावं तिला कळेना. पाणी शहाण्यासारखं वाहत होतं, छपराखाली गारवा होता. आता तर मुलंही फोन कानाला लावून झाडाभोवती फिरत होती आणि कुणाला कुठं पोचायचंय असं दिसत नव्हतं. एका माणसाची सवय म्हणजे काही संस्कृती नव्हे. पण मग किती जणांची? तिनं बाबांना विचारलं. त्यांनी हातानंच गप्प केलं. आत्याचा निरोप अजून चालू होता.

तिनं तिथंच बसून खुलासा लिहिला.

"महोदय, सदर मार्गाची लांबी माझ्या आत्याच्या संभाषणाच्या लांबीवर आधारित आहे. तरी आत्याने बोलणे आटोपते घ्यावे, असा आदेश प्रथम आपल्या स्तरावरून काढण्यात यावा व त्याचे पालन झाल्यानंतरच मार्ग सरळ करावा, ही नम्र विनंती."