पंधरा काड्या

गोकुळाने पारबताचा सूड घ्यायचं ठरवलं, त्या दिवशी तिच्या तोंडात आइस्क्रीमच्या आठच काड्या मावत होत्या. गडचिरोलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरणीने काड्या एकावर एक ठेवून तिच्या दातांमध्ये सरकवल्या. नववी जाईना, तेव्हा तिने सरळ सांगून टाकलं, "हा सुपारी-तंबाखूचा खर्रा सोडला नाहीत तर उद्या भाताचा घासही आत जाणार नाही. सोडलात तर रोज काड्या घालून तोंड ताणा. पूर्ण उघडणार नाही, पण उघडेल."

पारबता म्हणजे गोकुळाची थोरली जाऊ. वडशाकडच्या शेतांत धानाच्या रोवणीला जाणाऱ्या वीस बायकांच्या टोळीची ती मुकादमीण. बारा वर्षांपूर्वी या टोळीत गाणं उचलायची ती गोकुळाच. तिने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी वाकल्या वाकल्या झील धरायची. गाणं संथ, म्हणून हातही संथ. गाणं संपलं की गोकुळा कंबर सरळ करून म्हणायची, "चला बायांनो, जेवून घेऊ." आणि सगळ्या बांधावर यायच्या. रोवणी गुत्त्याने, म्हणजे ठरलेल्या रकमेत ठेक्यावर घेतलेली, त्यामुळे पारबताचा जीव खालीवर व्हायचा.

पण पारबता भांडली नाही. तेवढी ती हुशार. एकदा गोकुळाची दाढ ठणकत होती, तेव्हा तिने मोठ्या मायेने घोटलेल्या खर्ऱ्याची पन्नी पुढे केली. "गालात धर वो, दुखनं पळते." दुखणं पळालं, पाठोपाठ भूक पळाली आणि गाणंही पळालं. सुपारी-तंबाखूने भरलेल्या गालाने कोण गाणार? महिन्याभरात विसाच्या वीस गाल भरले. शेतं झपाझप उरकू लागली. पारबता बांधावर छत्री धरून उभी राहायची आणि सकाळ-दुपार फुकट खर्रा वाटायची. स्वतः मात्र तिने चिमूटभरही कधी तोंडात टाकला नाही. हे आठवलं की गोकुळाच्या अंगाची आग आग व्हायची.

देवाचं नाव घेऊन व्यसन सुटतं म्हणतात. गोकुळाचं पारबताच्या नावाने सुटलं. पहिले पंधरा दिवस डोकं भणभणत होतं. नवऱ्याच्या शर्टाच्या खिशातली पन्नी तिने दोनदा बाहेर काढली आणि दोन्ही वेळा पारबताची छत्री आठवून चुलीत टाकली. रोज सकाळी चुलीपुढे बसून ती दातांत काड्या ठोसायची. लाळ गळायची, डोळ्यांतून पाणी यायचं. एकेक काडी वाढली तसा गाण्याचा एकेक शब्द जुळत गेला. अकरा महिन्यांत काड्या झाल्या पंधरा आणि गाणंही तयार झालं.

गाणं शेवटच्या दिवसासाठी राखलं होतं. रोवणी संपते त्या दिवशी बाया चिखल खेळतात. गाण्यात जिचं नाव येईल तिच्या तोंडाला चिखल, मग ती मालकीण असो की मुकादमीण. त्या दिवशी कोणी रागवायचं नाही, असा रिवाज. एरवी असं गायली असती तर पारबताने तिला टोळीतून हाकलून दिलं असतं. त्यात यंदा सतरा वर्षांची रोशनी, गोकुळाची लेक, टोळीत आली होती आणि तिचाही गाल फुगलेला होता. माझ्या पोरीलाही हिने सोडलं नाही, असं म्हणत गोकुळा दातओठ खात होती. पोरीला सोडवायचं तर आधी पारबताची मुकादमी मोडायला हवी, हे तिच्या मनाने पक्कं घेतलं होतं.

शेवटची मूठ रोवून झाली. गोकुळाने कंबर सरळ केली, तोंड उघडलं आणि बारा वर्षांत पहिल्यांदा गाणं उचललं.

"बांधीत पानी बाई, पान्यात गाळ,
पारबताबाईनं भरला आमचा गाल."

आवाज फाटका निघाला, पण निघाला. मग ती झील येण्याची वाट पाहत उभी राहिली. झील आली नाही. बाया नुसत्या बघत होत्या, कारण सगळ्यांची तोंडं भरलेली होती. बांधावर पारबता खो खो हसली.

"मस्त गायलीस वो! आता हेही सांग, तुह्या रोशनीले पहिला खर्रा कोनं देल्ला?"

रोशनीने मान खाली घातली. गोकुळाला दोन वर्षांमागची संध्याकाळ आठवली. पोरगी दाढ धरून रडत होती आणि गोकुळाने आपल्याच पन्नीतली चिमूट तिच्या गालात ठेवली होती. "गालात धर, दुखनं पळते." अगदी हेच शब्द, पारबताच्याच सुरात. अकरा महिने ती जिच्या नावाने तोंड ताणत होती, तिच्यासारखीच ती स्वतःही होती. गोकुळाला स्वतःची शिसारी आली. क्षणभर वाटलं, खाली मान घालून घरी निघून जावं.

पण ती गेली नाही. खाली वाकली, ओंजळभर चिखल उचलला आणि स्वतःच्या तोंडाला फासला. डोळ्यांपासून गळ्यापर्यंत. मग पुन्हा तोंड उघडलं.

"चुलीत राख बाई, राखेत जाळ,
गोकुळा मायनं भरला रोशनीचा गाल."

मग पचकन आवाज झाला. रोशनीने तोंडातला सगळा लगदा पाण्यात थुंकला, चूळ भरली आणि रडक्या आवाजात झील धरली, "भरला रोशनीचा गाल वो, भरला आमचा गाल." तिच्या शेजारची मोनाली थुंकली. मग तिच्यापलीकडची. सगळ्या नाही थुंकल्या, पण गाण्याला पुरतील इतक्या थुंकल्या.

पारबताने छत्री मिटली. "पुरे झाली गंमत. चला घरी."

गोकुळाने दुसरी ओंजळ भरली आणि बांधाच्या दिशेने चालू लागली. मागून झील येतच होती.

"रागवाचं नाई, बाई," ती म्हणाली. "मी माह्या वाट्याचा लावून घेतला. आता हा तुह्या वाट्याचा."