नागोरावांच्या मनगटावरची लव

मी वस्तरा बोलतोय. दचकू नका, मिटलेला आहे. दिग्रसला बस स्टँडच्या मागच्या गल्लीत 'रजत मेन्स पार्लर' आहे, तिथे आरशाखाली काचेच्या पेटीत, लाल मखमलीवर मला ठेवलंय. पोरं येतात, माझा फोटो काढतात, "भारी हाय ना बे!" म्हणतात आणि दाढी मात्र अर्ध्या ब्लेडनं करून घेतात. मखमलीवर ठेवायला मी काय कुंकवाची डबी आहे?

माझा जन्म परदेशातला म्हणे. मला त्यातलं काही आठवत नाही. इथल्या एका कापसाच्या जिनिंगच्या मॅनेजरची दाढी रामधन न्हावी करायचे. मॅनेजर बदलून गेला, जाताना मला रामधनच्या हातात ठेवून गेला. माझी मूठ शिंगाची, पण तिच्यातली खीळ कधीच तुटली. आता आहे ती सायकलच्या तारेची. म्हणजे मी अर्धा दिग्रसचाच झालो.

रामधनकडून मी त्यांच्या मुलाकडे, नागोरावांकडे आलो. आणि खरं सांगतो, माझं आयुष्य म्हणजे नागोरावच. रोज सकाळी ते मला चामड्याच्या पट्ट्यावर सपसप फिरवायचे आणि मग डाव्या मनगटावर टेकवायचे. तिथली लव नुसत्या स्पर्शानं गळून पडली, तरच मी गिऱ्हाइकाच्या गालाला लागायचो. नाहीतर पुन्हा पट्टा. त्यामुळे त्यांचं डावं मनगट कायम गुळगुळीत. लग्नाच्या मांडवात इंदुताईंच्या बहिणींनी विचारलं होतं, "काहो नवरदेव, एकाच हातावर केस, दुसऱ्यावर काहून नाही?" नागोराव लाजून लाल झाले होते. मी तेव्हा त्यांच्या धोकटीत होतो. त्यांच्या हत्यारांची ती चामड्याची पिशवी, तेच माझं घर.

दाढ्या तर मी पुष्कळ केल्या. पण मला खरा मान जावळाचा. मामानं लेकराला मांडीवर घ्यायचं आणि नागोरावांनी मला कोमट पाण्यात बुडवून घ्यायचं. "गार पोलाद लेकराले सोसत नाही," म्हणायचे. त्यांचा हात असा हलका, की कितीतरी लेकरं झोपेतच बोडकी झाली. नागोरावांच्या पोराचं, रजतचं जावळ मीच काढलं, त्याच्या बहिणीचं, निकिताचंही.

पुढे ब्लेडं आली. एका गिऱ्हाइकाला एक ब्लेड, वापरलं की फेकलं. त्याला माझी ना नाही, रोगराईचे दिवस आहेत. माझ्याकडे उरली मोजकी म्हातारी माणसं आणि जावळं. एस.टी.तून रिटायर झालेले सदाशिवराव तर ब्लेडला हातच लावू द्यायचे नाहीत. मला उकळत्या पाण्यातून काढलं, की ते खुर्चीत बसायचे आणि घोरायला लागायचे.

रजत पोरगा गुणी. त्यानं मोबाईलवर पाहून पाहून जुने वस्तरे दुरुस्त करण्याचा नाद लावून घेतला. भंगारातून गंजके वस्तरे आणायचा, घासून-पुसून धार लावायचा आणि पुण्या-बंगळुरूच्या शौकीन लोकांना पाठवायचा. ते लोक म्हणायचे, धारेचा फोटो दाखवा. म्हणून त्यानं डिजिटल मायक्रोस्कोप मागवला. टॉर्चएवढं यंत्र, स्टँडवर उभं, तोंडाशी बारीक दिवे आणि वायर कॉम्प्युटरला. खाली ठेवलेली वस्तू पडद्यावर हजारपट मोठी दिसते म्हणे.

यंत्राखाली पहिला मान माझा. रजतनं मोठ्या कौतुकानं हाक मारली, "बाबा, या इकडं! तुमच्या वस्तऱ्याची धार पाहा."

नागोरावांनी चष्मा सदऱ्याला पुसला आणि वाकून पाहिलं. पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी होतं आणि त्याची कड उंदरानं कुरतडल्यासारखी.

"हे काय होय?"

"धार होय, बाबा."

"कोनाची?"

"तुमच्याच वस्तऱ्याची ना! पाहा किती दाते हायत. दगडावर घ्या लागते याले."

रजत पोलादाबद्दल बोलत होता. त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण नागोरावांनी ते आपल्या हाताबद्दल ऐकलं. त्यांचा चेहरा पडला. "याच्यानं मी लोकायच्या दाढ्या करतो?" एवढंच ते पुटपुटले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो नागोराव, मनगटावर टेकवा ना मला, नेहमीसारखं! पण देवानं मला पातं दिलं, तोंड नाही दिलं.

मग सुरू झाला छळ. नागोराव मला दगडावर घासायचे, रजत यंत्राखाली धरायचा. दाते. पुन्हा दगड, पुन्हा यंत्र. दाते बारीक झाले, पण गेले नाहीत. झिजून झिजून माझी रया गेली. आणि त्या सगळ्या दिवसांत नागोरावांनी एकदाही मला मनगटावर लावलं नाही. पडदा असताना मनगटाला कोण विचारतो?

सदाशिवराव नेहमीसारखे येऊन खुर्चीत बसले, तर नागोराव हात जोडून उभे. "भाऊ, आता रजतकडून करून घेत जा. इतके वर्षं मी तुमचे गाल करवतीनं घासले. माफी करा."

सदाशिवराव खो खो हसले. "अबे नागो, मी तुह्या हाताखाली घोरत होतो! करवतीखाली कोनी घोरते का?"

"तुमी पाह्यलं नाही, भाऊ. मी पाह्यलं."

सदाशिवरावांनी पुष्कळ समजावलं. शेवटी रागावून दाढी न करताच निघून गेले. नागोरावांनी मला कपड्यात गुंडाळलं आणि धोकटीत तळाशी ठेवलं.

एवढ्यावर थांबलं असतं, तरी मी सोसलं असतं. पण निकिता बाळाला घेऊन पुसदहून आली. पहिलं लेकरू, वर्षाचं होत आलेलं, डोक्यावर कुरळ्या केसांचं टोपलं. तिनं सासरी आधीच सांगून ठेवलं होतं, जावळ माझ्या बाबांच्याच हातानं निघेल. नागोराव तिला नाही म्हणू शकले नाहीत. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

अंगणात पाट मांडला. रजत मामा म्हणून बाळाला मांडीवर घेऊन बसला. इंदुताईंनी ताटात नारळ, तांदूळ आणि कोमट पाण्याची वाटी आणली. नागोरावांनी बाळाचं डोकं भिजवलं. बोटं तीच, जुनी, सराईत. बाळ त्यांच्याकडे पाहून हसलं. त्यांनी मला उघडलं, पाण्यात बुडवलं आणि डोक्याजवळ आणलं. बाळाची टाळू लुकलुकत होती. तिच्यापासून बोटभर अंतरावर मी थांबलो.

तिथून त्यांनी मला मागे घेतलं आणि मिटलं. "माह्यानं नाही होत."

"अहो, काहून अडून बसले?" इंदुताई म्हणाल्या. "रजतचं काढलं, निकिताचं काढलं. तवा नाही भेव वाटलं?"

"तवा मले दिसत नव्हतं."

निकिताच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, माहा भरोसा हाय ना तुमच्यावर."

"माहाच नाही राह्यला, बेटा."

शेवटी शेजारच्या दुकानातल्या जमीरला बोलावलं. बिचारा हातातलं गिऱ्हाईक सोडून मशीन घेऊन धावत आला. मशीन घर्र करून सुरू झालं आणि बाळानं जो टाहो फोडला, तो जावळ निघेपर्यंत थांबला नाही. बाळाच्या आत्यानं, निकिताच्या नणंदेनं, पदरात केस झेलले. डोक्यावर खुंट राहिलेच, मशीनचं जावळ ते. नागोराव आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मी ताटात नारळाच्या बाजूला पडलो होतो. त्या दिवसाइतकं वाईट मला कधी वाटलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं रजतला विचारलं, "नव्या ब्लेडची धार कशी दिसते हो?" रजतनं पाकिटातून कोरं ब्लेड काढलं आणि यंत्राखाली धरलं. दाते! दुसऱ्या कंपनीचं काढलं. त्यालाही दाते! पोरगा डोक्याला हात लावून बसला. आता सांगा, ज्या ब्लेडनं तो रोज दुकान चालवतो, ते पहिल्याच दिवशी माझ्या शेजारी ठेवून पाहिलं असतं, तर काय बिघडलं असतं? पण नाही सुचलं. बापालाही नाही, लेकालाही नाही.

तो घरून नागोरावांना घेऊन आला. "बाबा, हे पाहा. कोरं ब्लेड होय हे. इतकं मोठं करून पाह्यलं तं कोनतीच धार सरळ दिसत नाही. माहंच चुकलं, मी पहिलेच पाहा लागत होतं."

नागोरावांनी चष्मा सदऱ्याला पुसून पुन्हा पाहिलं. "म्हंजे माहा हात चुकला नव्हता?"

"नव्हता, बाबा."

त्यांनी धोकटी मागितली. मला कपड्यातून काढलं, पट्ट्यावर फिरवलं आणि सवयीनं डावं मनगट पुढे केलं. तेव्हा मी पाहिलं. आयुष्यभर गुळगुळीत असलेल्या त्या मनगटावर लव उगवली होती. पांढरी. त्यांनी मला टेकवलं आणि ती लव अलगद गळून पडली. इतका झिजलो होतो, तरी मी चुकलो नाही! पण मला धरलेला हात लटलट कापत होता. मनगटावर रक्ताचा एक ठिपका आला.

"धार हाय, रजत," नागोराव म्हणाले. "हात नाही राह्यला." मग माझ्याकडे पाहत म्हणाले, "पोराचं जावळ तं निघून गेलं."

दुसऱ्या दिवशी रजतनं ही काचेची पेटी आणली. त्याच्या परीनं त्यानं माझा मान राखला, मी त्याला बोल लावत नाही. पण रजत, ऐक माझं. मला इथून काढ, तेल लाव आणि धोकटीत ठेव. निकिताच्या पोराला मिसरूड फुटेल, तेव्हा त्याची पहिली दाढी माझ्यानं कर. नागोराव तेव्हा असतील असं मला वाटत नाही. म्हणून तोवर एक कर. ते रोज दुपारी इथे येतात आणि पेटीकडे पाठ करून आपल्या जुन्या खुर्चीच्या हातांवर मनगटं टेकवून बसतात. आज आले, की मला त्यांच्या हातात दे. हात कापला तर तू खालून धर. त्यांच्या मनगटावरची लव पुन्हा वाढली आहे, मला इथून काचेतून दिसते.