सात नंबरच्या साच्याची नोंद

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. रोह्याच्या एका बिजागऱ्यांच्या कारखान्यात माझं आयुष्य गेलं. अंगावर तेलाचे डाग, पानांना ग्रीसचा वास. तरी मी भाग्यवान, कारण मला काळुराम भेटला.

काळुराम पेणकडच्या खाडीकाठचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला. पत्रा कापणारे लोखंडी साचे त्याच्या ताब्यात असत. कुठल्या साच्याला धार कधी लावली, कुठे टवका उडाला, सारं तो त्याच दिवशी माझ्यात लिही. अक्षर म्हणाल तर कोंबडीचे पाय, पण नोंद पक्की! नवे सुपरवायझर दिनानाथ त्याला हसत.

"काळुराम, कादंबरी लिहितोस काय?"

त्या वर्षी खंडेनवमीच्या पूजेसाठी सारे साचे रॉकेलने लख्ख घासले. त्यात त्यांच्यावर रंगवलेले नंबरही पुसले गेले. दिनानाथांनी मला न विचारता, आठवणीच्या भरवशावर ते पुन्हा रंगवले. सात आणि अकरा हे साचे दिसायला अगदी सारखे. पैकी सातला तडा गेला होता, म्हणून काळुरामने तो बाजूला काढला होता; पण घासताना सारे साचे एकत्र आले.

दसरा उलटला. अकरा म्हणून रंगवलेला साचा प्रेसवर चढला आणि प्रेस चालवणारी काशीबाई कामाला बसली. तडकलेला साचा दाबाखाली फुटला असता, तर तिच्या हातांचं काय झालं असतं!

काळुरामने सवयीने मला उघडलं, साच्यावरून नजर फिरवली आणि झटकन प्रेसचं बटण बंद केलं.

"काशीबाय, हात काढ गो!"

"माल आजच जायचाय!" दिनानाथ खेकसले.

"साहेब, सात नंबरच्या मागच्या कोपऱ्याला कानशीचा घाव हाय, आसं मी लिवलंय. तो घाव ह्या अकराला कसा आला?"

त्याने साच्याला रॉकेल चोळलं, पुसून वर खडू फासला. पांढऱ्यावर हळूहळू ओली रेघ उमटली. तडा दिसताच काशीबाई स्टूल मागे सारून उठली.

दिनानाथांनी मला ओढून घेतलं. वाटलं, आता पान फाडतात! पण त्यांनी लिहिलं, 'नंबर मी चुकीचे रंगवले', आणि खाली सही केली. त्या दिवसापासून मला त्यांचाही अभिमान वाटतो.

आता माझं काम संगणक करतो. करू दे बापडा. मित्रांनो, अवजारांची निगा राखा, नोंद त्याच दिवशी करा, आणि चूक झाली तर तीही लिहा. काशीबाई निवृत्त झाली, तेव्हा निरोप घेताना तिने माझ्यावर दोन्ही हात ठेवले. मी मोजली, बोटं दहाच्या दहा होती.