वक्राच्या पायथ्याशी

ज्योत्स्नाचं पत्र येऊन वर्ष उलटून गेलं होतं आणि रफीक सरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र तसं साधंच होतं. 'सर, मोबाईलच्या पडद्यावर तुमचे डोळे दुखतात म्हणून आलेख छापून पाठवते. फिल्टर किती महिने चालेल ते यावरून ठरणार आहे. आर-स्क्वेअर ०.९९ आलाय. एकदा नजर टाका.'

नागभीडच्या कॉलेजात सरांनी उभा जन्म गणित शिकवलं. आरमोरीहून एसटीनं येणारी ज्योत्स्ना त्यांची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. आता ती डॉक्टरेट घेऊन चंद्रपूरच्या एका पाणीसंस्थेत मोठ्या हुद्द्यावर होती. काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त. लेकरांचे दात तपकिरी पडतात, म्हाताऱ्यांना उकिडवं बसता येत नाही. त्या गावांत फ्लोराईड धरून ठेवणारे फिल्टर बसवायचे होते. असा फिल्टर हळूहळू भरत जातो. आधी थोडं फ्लोराईड निसटतं, मग भराभर, आणि शेवटी आत जाईल तेवढंच बाहेर येतं. मापांचे ठिपके मांडून त्यांतून वक्र काढायचा, आणि तो वक्र लिटरमागे दीड मिलिग्रॅमची, सुरक्षित पाण्याची रेघ जिथे ओलांडेल, त्याआधी फिल्टर बदलायचा. ज्योत्स्नाचा वक्र सांगत होता, दहा महिने.

पत्र आलं त्याच दुपारी सरांनी पट्टी लावून प्रत्येक ठिपक्याचं वक्रापासूनचं अंतर मोजलं. वरच्या अंगाला वक्र माप घेऊन शिवलेल्या सदऱ्यासारखा बसला होता. पायथ्याशी मात्र, जिथे ती दीड मिलिग्रॅमची रेघ, म्हणजे गावाचा खरा प्रश्न होता, तिथे सगळे ठिपके वक्राच्या वर. काही वर, काही खाली असते तर मोजणाऱ्याचा हात हलला म्हणता आलं असतं. सगळेच एका बाजूला म्हणजे वक्राची जातच चुकलेली. आकड्यात हा फरक एवढासा, त्यामुळे वरच्या मोठ्या आकड्यांच्या गर्दीत आर-स्क्वेअरला, म्हणजे वक्र ठिपक्यांना किती जुळतो ते सांगणाऱ्या आकड्याला, त्याचा पत्ताही नव्हता. मुळात ते माप सरळ रेषेसाठी घडवलेलं. वाकड्या वक्राला लावलं की नुसतीच फुशारकी मारतं. ठिपक्यांचं ऐकलं तर फिल्टर सातव्या महिन्यातच संपत होता.

सर उत्तर लिहायला बसले आणि अडले. तिच्याकडे डॉक्टरेट, संगणक, प्रयोगशाळा. आपल्याकडे एक पट्टी. ती हसेल. आपलंच काही चुकत असेल. उद्या पुन्हा मोजू, असं म्हणत त्यांनी आलेख एका पुस्तकात ठेवला.

परवा ज्योत्स्ना स्वतःच दारात उभी राहिली. हातात पेढे आणि छापील अहवाल.

"सर, पयलं पान पाहा. तुमचं नाव टाकलं हाये."

आभारात लिहिलं होतं की वक्राची तपासणी प्रा. रफीक शेख यांनी केली. सरांनी ती ओळ पुन्हा वाचली.

"मी तर काहीच लिहिलं नव्हतं तुला."

"तेच तं, सर! वर्गात वही बरोबर असली का तुम्ही मुकाट वापस करत. चुकली असली तरच टिंब टाकून थांबवत. आमी पोरी म्हणो, सर बोल्ले नाईत, पास झालो." ती मनमोकळं हसली. "मी वाट पाह्यली महिनाभर. टिंब आलं नाई, मंग पाठवून देल्लं."

सरांना वर्गात बोलायचाच संकोच वाटे, म्हणून ती सवय लागली होती. पोरींनी तिचा नियम केला होता.

त्यांनी पुस्तकातून आलेख काढला. पायथ्याचे ठिपके बोटानं दाखवले. ज्योत्स्ना वाकली, पाहत राहिली. तिला समजायला वेळ लागला नाही. शिकवलंही त्यांनीच होतं.

"फिल्टर बसलेत?" सरांनी विचारलं.

"बसले. आठवा महिना चालू हाये."

"पाणी तपासलं?"

"तपासणी दहाव्यात ठेवली हाये. अहवालात तसंच हाये."

"म्हणजे लोक आत्ता..."

"माहीत हाये मले, सर, काय पिऊन राह्यले ते!" तिचा आवाज चढला. मग ती थंडपणे म्हणाली, "दहाव्यात तसेही बदलनारच हावोत. आता बोंब झाली तं माही नोकरी जाते अन् पुढच्या गावांचे फिल्टरही अडकतात. वर्षभर चूप होते ना तुम्ही? अजून दोन महिने राहा."

पेढ्यांचा डबा तसाच ठेवून ती निघून गेली.

"काय बोलले तिले?" त्यांच्या बायकोनं, अख्तरीनं, आतून येत विचारलं. "पोरगी हासत आली, तोंड पाडून गेली."

"जे तेव्हा बोलायचं होतं ते."

"मंग आता तरी पूरं बोला. अर्धंच बोलायची खोड हाये तुमची."

सर लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात 'कदाचित' होतं, 'माझीही चूक असू शकेल' होतं. ते खोडलं. मग ज्योत्स्नाची चूक नाही, हे लिहिलं. तिनं विचारलं होतं, मीच उत्तर दिलं नाही. शेवटी लिहिलं की फिल्टरचं पाणी आजच तपासावं, तोवर कुणी पिऊ नये. हे वाचून ती आपला उंबरा पुन्हा चढणार नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांनी त्याच्या प्रती काढल्या, एकीवर चंद्रपूरच्या संस्थेचा आणि बाकीच्यांवर प्रत्येक गावच्या सरपंचाचा पत्ता घातला.

पोस्टाच्या खिडकीत लटारूनं पाकिटं वजनाला टाकली.

"चंद्रपूरचं उद्या पोचते, सर. गावातले परवा."

"उद्याच?"

"मंग काय! इथून दूर हाये का ते?"

सरांनी पैसे मोजून खिडकीतून आत सरकवले. लटारूनं एकेका पाकिटावर शिक्का हाणला आणि ती मागच्या पोत्यात टाकली.