थेंबांच्या कागदावरचे गोल

घड्याळजींनी लेकीला फोनवर तीनच शब्द सांगितले, "पाहुणा आला गं."

पाहुणा म्हणजे एक तारा. खरं तर जोडी. एक कृष्णविवर आणि त्याच्याभोवती फिरणारा साधा तारा. त्या ताऱ्याचा वायू ओढला जाऊन विवराभोवती साठत राहतो, आणि वीस-तीस वर्षांतून एकदा त्या साठ्याचा असा भडका उडतो की क्ष-किरणांचा लोट निघतो. आधी काही दिवस उजेड वाढतो, मग क्ष-किरण. एरवी साध्या दुर्बिणीला तिथं काळोखाशिवाय काही दिसत नाही. आणि हे गृहस्थ एकतीस वर्षं, दुकान बंद केलं की गच्चीवर जाऊन, स्वतः घासलेल्या आरशाच्या दुर्बिणीतून ती रिकामी जागा बघत आले होते. तिच्या शेजारच्या तीन ताऱ्यांना त्यांनी थोरला, मधला, धाकटा अशी नावं ठेवली होती. पाहुणा आलाच, तर त्यांच्याशी ताडून त्याचा उजेड ठरवायचा. वहीत रोज एक गोल काढायचा: दिसला नाही तर रिकामा, दिसला तर भरलेला. भरलेला गोल काढायची वेळ कधी आलीच नव्हती. बायको म्हणायची, "एवढी वाट माझी बघितली असतीत, तर मी माहेरी गेलेच नसते कधी."

लेक क्ष-किरणांच्या अभ्यासाकडे वळली ती या गच्चीमुळेच. अवकाशातली क्ष-किरण दुर्बीण ऐनवेळी हव्या त्या ताऱ्याकडे वळवून घ्यायची मुभा तिला वर्षातून एकदाच मिळे. गेल्या वर्षी बाबांचा असाच फोन आला. तिनं डोळे मिटून विश्वास ठेवला, दुर्बीण वळवायला लावली, आणि तिथं शुकशुकाट. मागाहून उलगडा झाला. ज्या डाव्या डोळ्यानं बाबा आकाश बघत, त्यात मोतीबिंदू पिकत होता आणि एकाचे दोन दिसत होते. धाकट्याचीच जुळी सावली त्यांनी पाहुणा म्हणून धरली होती. दुर्बिणीचा वेळ वाटून देणाऱ्या समितीनं तिला चार शब्द सुनावले. तिनं तो राग घरी येऊन काढला, "बाबा, आता पुरे करा हे." घड्याळजी "बरं" म्हणाले आणि त्यांनी तिला नोंदी पाठवणं बंद केलं. आपण काय बोलून बसलो हे तिला बसमध्येच कळलं होतं, पण परत फिरायला धीर झाला नाही.

म्हणून या वेळी ती पहिल्या बसनं घरी आली. दुपारी चारपर्यंत विनंती पाठवली तरच दुर्बीण या आठवड्यात वळणार होती. तिच्या वेधशाळेतला आरसा नेमका नवा मुलामा द्यायला उतरवलेला, ओळखीच्या बाकी वेधशाळांवर ढग. सगळी भिस्त बाबांच्या शब्दावर. यंदाही फजिती झाली, तर पुढच्या वर्षी समिती तिला दारात उभं करणार नव्हती.

"कोणत्या डोळ्यानं बघितलात?" तिनं विचारलं.

"उजव्या. नव्या." उजव्याचं ऑपरेशन आधी करून घेतलं होतं, कारण घड्याळं दुरुस्त करायचं भिंग त्या डोळ्याला लागे. त्याला झाले होते अकरा दिवस. "धाकट्यापेक्षा थोडा उजळ आहे."

तीच तर अडचण होती. नव्या डोळ्याला जास्त दिसतं. तिथं कायमचा असलेला एखादा फिका तारा, जो डाव्याला कधी दिसलाच नाही, तो उजव्याला पहिल्यांदा दिसला नसेल कशावरून? तिनं हे जमेल तितकं हळू आवाजात सांगितलं. समोर कुणाचं तरी घड्याळ उघडं पडलं होतं, त्याचा एक स्क्रू घड्याळजी चिमट्यानं उगाच इकडचा तिकडे करत राहिले. तीन वाजून गेले होते.

तेवढ्यात आई डोळ्यात घालायचं औषध घेऊन आली. एका हातात बाटली, दुसऱ्यात डॉक्टरांनी दिलेला थेंबांचा तक्ता: सकाळ, दुपार, संध्याकाळ. थेंब घातले की खूण करायची.

"हे संध्याकाळच्या रकान्यात गोल कसले काढून ठेवलेत हो?" आई म्हणाली. "संध्याकाळच्या खुणा यांच्यावर सोडल्या, तर हे चित्रं काढतात."

घड्याळजींचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. लेकीनं कागद ओढून घेतला. एकाखाली एक आठ रिकामे गोल. नववा भरलेला, कालचा.

डॉक्टरांनी महिनाभर वाकायचं नाही, दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, असं बजावलं होतं. आणि हा माणूस तिसऱ्या दिवसापासून गच्चीवर! बायको बघेल म्हणून वहीला हात लावला नाही, पण संध्याकाळ नोंदीविना सोडायची, तर तेही जमेना.

"आठ दिवस याच डोळ्यानं बघितलंत? आणि तिथं काही नव्हतं?"

"काही नव्हतं. तुला सांगितलं असतं, पण तू पुरे म्हणाली होतीस. आणि हिनं जिना बंद केला असता."

"अजूनही करीन," आई म्हणाली.

डोळा तोच होता, आठ दिवस होता. बदललं होतं ते आकाश. लेकीनं तिथंच, उघड्या घड्याळाशेजारी लॅपटॉप ठेवून विनंती लिहिली आणि आठही रिकामे गोल तारखांसकट त्यात घातले. निरीक्षकाच्या अनुभवाच्या रकान्यात लिहिलं, 'एकतीस वर्षं'. चाराला सात मिनिटं कमी असताना विनंती गेली.

"बाबा, मी तेव्हा तसं बोलायला नको होतं."

"अगं, चूक माझीच होती," ते म्हणाले. "पण लागलं होतं खरं." मग त्यांनी मान मागे टाकली आणि लेकीनं त्यांच्या डोळ्यात थेंब घातले.

सहाव्या दिवशी दुर्बिणीनं क्ष-किरण चढताना पकडले, अगदी पायथ्यापासून. इतक्या लवकर या ताऱ्याला अजून कुणी गाठलं नव्हतं. लेकीनं घरी फोन लावला. आईनं सांगितलं, गच्चीवर आहेत, आता मीच स्टूल नेऊन दिलंय, वाकायला नको म्हणून.

बाबा फोनवर आले. तिनं भडाभडा सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, पाहुणा आता थोरल्यालाही मागं टाकून बसलाय.

"आणि छकुली, आज डाव्यानंही बघितला. त्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे ना. म्हटलं, एकतीस वर्षं वाट त्यानं बघितली, त्याला दाखवल्याशिवाय कसं जायचं?"

"दिसला?"

"दोन दिसले," बाबा म्हणाले. "पण या वेळी त्यातला एक खरा होता."