मंगलच्या जागी

अभिनंदननं लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवलं.

“हे ‘न्हाय’चं बटण काढून टाक.”

रचनानं आधी पडद्यावरचा त्याच्या बोटाचा ठसा ओढणीनं पुसला. मग विचारलं, “का, सर?”

“कंपनीनं बोलवलं की यायचं असतं. न्हाय म्हणायची सोय आपणच कशाला करून द्यायची? आणि कोण काय म्हणालं ते सगळ्यांना दिसायला नको. उत्तरं फक्त माझ्याकडं आली पाहिजेत.”

मच्छेच्या औद्योगिक वसाहतीतला हा ओतकामाचा कारखाना अभिनंदनच्या वडिलांनी सदलग्याहून येऊन उभा केला होता. कारभार आता अभिनंदनकडं होता. हिंडलग्याची रचना तिथली एकुलती एक कॉम्प्युटरवाली. कामगारांच्या फोनवर कंपनीचं चॅट होतंच, त्यात तिनं शिफ्ट बदलायचं ॲप बांधून बसवलं होतं. असली ॲप बांधायला फ्रेमवर्क तयार मिळतं. फ्रेमवर्क म्हणजे काय गं, असं आप्पांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, “साच्याची पेटी आयती, वाळू आपली.” आप्पा म्हणजे तिचे वडील रवळू. ते त्याच कारखान्यात पहिल्या शिफ्टला कोअर शॉपला होते, ओतीव वस्तू आतून पोकळ राहावी म्हणून साच्यात बसवायचे वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, काढायचे. त्यांना एवढ्यावरच कळलं.

ॲप साधं होतं. यायला जमणार नसेल तर तसं टाकायचं. मग सगळ्यांच्या फोनवर प्रश्न जायचा, यांच्या जागी कोण? खाली दोन बटणं, ‘येतो’ आणि ‘न्हाय’. इकडं बायकाही ‘येतो’च म्हणतात. ही अक्कल रचनाला कॉलेजात कुणी शिकवली नव्हती. हा गावाकडचा पैरा होता. आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. ज्याचं काम अडलंय त्यानंच बोलवायला जायचं, मधल्या माणसाच्या निरोपावर पैऱ्याला कुणी जात नाही. ती पद्धत तिनं उचलून फोनमध्ये घातली, इतकंच.

“आणि मंगलला मी सकाळीच फोन केला,” अभिनंदन म्हणाला. “आता यायचं नाही म्हणून सांगितलं. तुझ्याच ॲपनं दाखवलं ना, सगळ्यात जास्त बदल्या तिच्याच.”

रचनाचे कान तापले. दुसऱ्या शिफ्टला कोअर शॉपचं मशीन मंगल चालवायची, दुसरं तिथं कुणी नसायचं. नवरा गोव्याला कामाला, घरचं भात तिच्या एकटीच्या जिवावर. रोप लावणीच्या दिवसांत तिला बाकीच्यांच्या शेतात पैरा फेडायला जावंच लागे, नाहीतर तिच्या बांधावर कोण फिरकणार? आज बाळाबाईच्या शेतात तिची पाळी होती. तिनं कालच तसं टाकलं होतं, आणि तिच्या जागी आप्पांनी ‘येतो’ दाबलंही होतं.

“तिचं मशीन एकदा तरी बंद राहिलंय का, सर?”

“तो मुद्दा नाही.”

“मग मुद्दा काय आहे?”

“भरवशाची माणसं पाहिजेत मला. हा कारखाना आहे का चिखल तुडवायचा धंदा?”

घ्या! ज्याच्या आज्यानं सदलग्यात जन्मभर चिखलच तुडवला, तो नातू हे बोलत होता. रचनाला संताप आला. त्याचा आला आणि स्वतःचाही आला. माणसं सांभाळायला बांधलेली वस्तू माणूस काढायला वापरली गेली होती, आणि ती बांधणारी तीच.

“मी हे बदल करणार नाही.”

“पुण्याची कंपनी दोन दिवसांत करून देईल.”

“द्या त्यांना. कोड सगळा नीट ठेवलाय. पण माझ्या हातानं हे होणार नाही.”

“मग तुझाही विचार करावा लागेल, रचना.”

“करा.”

चहाच्या सुट्टीत आप्पांनी तिला शेडमागं गाठलं. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

“पाण्यात ऱ्हाऊन माशासंगं वैर करतीस व्हय गं?”

“मग काय करू? मुंडी हलवू?”

“तसं न्हाय. पण घरात दोन पगार येत्यात, ते हितनंच येत्यात. ध्यानात असू दे.”

“मंगलाक्काचा एकच येतोय, आप्पा.”

आप्पांनी चहा संपवला आणि ते आत गेले. रचनाला त्यांचा राग आला. आयुष्यभर मान खाली घालून काम केलेला माणूस, तो आणखी काय सांगणार, असं तिच्या मनात आलं.

दुपारी दुसरी शिफ्ट लागायच्या आधी अभिनंदननं मंगलची आजची बदली रद्द केली आणि स्वतःच ॲपमध्ये टाकलं. ‘मंगल यांची शिफ्ट. आजपासून कायम. दुप्पट ओव्हरटाइम. कोण येणार?’ बदल झालेले नव्हते, त्यामुळे प्रश्न सगळ्यांकडं गेला आणि उत्तरंही सगळ्यांना दिसणार होती. तो रचनाच्या टेबलाशी उभा राहून पडद्याकडं बघू लागला.

 मग एक ओळ उमटली. रवळू. त्यांनी बटण दाबलं नव्हतं, लिहिलं होतं.

‘मंगल बोलली का?’

ॲपनं लगेच आपलं ठरलेलं उत्तर दिलं. ‘कृपया बटण दाबा.’

शालूबाई, पॅकिंग. ‘मंगलनं सांगितलंय काय?’

‘कृपया बटण दाबा.’

भरमू, भट्टी. ‘ती बोलवू दे, मग बघू.’

‘कृपया बटण दाबा.’

“ह्यांना साधं बटण दाबता येत नाही?” अभिनंदन खेकसला.

तेवढ्यात आप्पांनी बटण दाबलं. न्हाय. त्यांच्यामागून शालूबाईनं, भरमूनं, मग ज्यांनी आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं अशांनीही. न्हाय, न्हाय, न्हाय. पडदा वर सरकत राहिला. रचनाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते लपवलं नाही. आप्पांना आपण ओळखलंच नव्हतं, या विचारानं तिला लाजही वाटली आणि अभिमानही.

“हे पुसून टाक.”

तिनं हात मांडीवर ठेवले. “न्हाय, सर.”

कोअर नाहीत म्हणजे साचे नाहीत, आणि साचे नाहीत तर भट्टी कशाला पेटवायची? हे अभिनंदनला कुणी सांगायची गरज नव्हती. तो येरझाऱ्या घालत राहिला. मंगलचा फोन लावून पाहिला, लागला नाही.

“कुठं असेल ती?”

“मागं, बाळाबाईच्या शेतात.”

“चल दाखव.”

कारखान्याची भिंत संपली की भातशेतीच सुरू होत होती. चिखलात बायका ओळीनं वाकून रोप लावत होत्या. मंगलनं दोघांना येताना पाहिलं, पण हातातली पेंढी संपेपर्यंत वर उठली नाही. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“काय काम काढलासा, साहेब?”

“मशीन बंद आहे. तुझ्या जागी कुणी यायला तयार नाही.”

“माझी कसली जागा? सकाळीच काढून टाकलासा की मला.”

“रागात बोललो मी. सोड ते. तू फक्त कुणाला तरी यायला सांग.”

“काढल्याल्या माणसाची शिफ्ट नसती, साहेब. मग मी कुनाला आन् कशाला सांगू?”

बांधावर उभ्या अभिनंदनच्या पुढं चिखल होता आणि मागं रचना. तो खाली बघत पुटपुटला, “शिफ्ट तुझीच आहे.”

“ऐकू आलं न्हाय.”

“शिफ्ट तुझीच आहे म्हटलं.”

“मला आलं ओ. ह्या बायकास्नी आलं न्हाय. जरा मोठ्यानं सांगा की, लई लांब हैत त्या.”

लावणी थांबली होती. सगळ्या जणी वर बघत होत्या आणि कुणीही हसत नव्हतं. अभिनंदननं एकदा रचनाकडं पाहिलं. तिनं नजर हटवली नाही.

“शिफ्ट मंगलचीच आहे!” तो ओरडून म्हणाला. आवाज कारखान्याच्या भिंतीवर आपटून परत आला.

मंगलनं मान हलवली, दुसरी पेंढी उचलली आणि पुन्हा वाकली.

“रचना, माझं हात भरल्यात गं. रवळूमामास्नी माझ्या नावानं तूच टाक. म्हणावं, आज माझ्या जागी उभं ऱ्हावा, मंगलनं सांगितलंय. उद्या मी येतो.”